मल्लम्माच्या हातची आमटी

वडवणीत मल्लम्माच्या हातची येसर आमटी ज्याने खाल्ली नाही असा माणूस एकतर नुकताच बदली होऊन आलेला असायचा, नाहीतर तिच्याशी भांडलेला. आणि खरं सांगायचं तर मल्लम्माच्या हातची आमटी कुणीच खाल्लेली नव्हती. ती आमटी तिचा नवरा रुद्रप्पा करायचा. भाकरी तोच थापायचा, धपाटे तोच लावायचा, सणाला पुरण वाटायचं तेही तोच. मल्लम्माला चहा येत होता. तोही तिच्या मते येत होता.

ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं चार भिंतींच्या आत राहिली. ज्या गावात पाव्हणा एसटीतून उतरून चप्पल झाडेपर्यंत त्याचं आडनाव, सोयरीक आणि पोटाचा आजार शेवटच्या गल्लीपर्यंत पोचतो, त्या गावात हे म्हणजे आश्चर्यच. पण घराची बांधणीच सोयीची होती. पुढे किराणा दुकान, मागे एक लांबट खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, आणि आत जायची वाट दुकानातूनच. वाटेवर गादी टाकून मल्लम्मा बसलेली. तिला ओलांडून आत जायची छाती मांजरालाही झाली नव्हती.

मल्लम्मा धर्मापुरीच्या कापडवाल्याची थोरली लेक. बोलायला तिखट आणि माल पारखायला त्याहून तिखट. तुरीचे चार दाणे तळहातावर घेऊन ही काळ्या रानातली की माळावरची ते सांगायची. स्वयंपाकाचं तिच्या आईने लग्नाआधी एक महिना मनावर घेतलं, तोवर फार उशीर झाला होता. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिने सासरी पहिली भाकरी केली. सासरे संगमेश्वर अतिशय शांत माणूस. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात बोटावर मोजण्याइतके शब्द. त्यांनी भाकरी दोन्ही हातांनी मोडून पाहिली. मोडली नाही. ताकात बुडवून ठेवली आणि आपण पूजा आटोपून आले, तरी मोडली नाही. "शिवा, शिवा," म्हणत ते उठले आणि दुकानात जाऊन गूळ-शेंगदाणे खाल्ले.

सासू नव्हती. मरण्याआधी ती तीन वर्षं अंथरुणावर होती, आणि बाजेवर पडल्या पडल्या तिने एकुलत्या एका पोराला सगळा स्वयंपाक शिकवला होता. "आता मोहरी टाक. आता लसूण. हलीव बाबा, करपाया लागलंय, मला हितवर वास येतोय." रुद्रप्पा असा वासावर तयार झालेला गडी. पाचव्या दिवशी मल्लम्मा उठून चुलीकडे गेली तर तिथे नवरा बसलेला, तव्यावर भाकरी फुगलेली, आणि बाजूच्या पातेल्यातून असा घमघमाट सुटलेला की ती भांडायला आली होती ते विसरून गेली.

"हे काय?" तिने विचारलं.

"बस," रुद्रप्पा म्हणाला. "गरम हाय तवर खाऊन घे."

ती बसली, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं बसलीच.

थापेची सुरुवात मात्र सासऱ्यांनी केली. दुकानात कुणीतरी विचारलं, "सूनबाई कशी हाय?" संगमेश्वर म्हणाले, "आमच्या घरात हाताला लई चव हाय." कोणाच्या हाताला, ते त्यांनी सांगितलं नाही. धार्मिक माणूस होते, उघड खोटं बोलायचे नाहीत. ऐकणाऱ्याने अर्थ लावला आणि गावाने तो वाटून घेतला.

दुकानात आधी रुद्रप्पाच बसायचा, पण ते काही चाललं नाही. बाई मटकी मागायला आली की हा विचारायचा, "उसळ करणार का? मंग फडक्यात बांधताना लई आवळू नका. मोड मुडपत्यात." बाया त्याच्याकडे कसंनुसं बघायच्या. एकदा तलाठ्याच्या बायकोला तो म्हणाला की, तुमची डाळ शिजत न्हाई कारण तुमी चिंच आधी घालता. तिने भुवया चढवल्या. "तुमाला कसं म्हाईत?" रुद्रप्पाच्या कपाळाला घाम. "मल्लम्मा... मल्लम्मा सांगत होती."

त्याच दिवशी मल्लम्माने त्याला गादीवरून उठवलं. "तुमी आत जावा. तुमच्या तोंडाला कडी न्हाई." सासऱ्यांना तेव्हा दिसायला कमी लागलं होतं, त्यांनी मान हलवली, आणि दुकान तिचं झालं.

मग लोक म्हणायला लागले, बघा, बाई पहाटे उठून सगळा स्वयंपाक उरकती अन् दिवसभर दुकान ओढती. मल्लम्माने हे कौतुक काडीचीही लाज न बाळगता घेतलं. कुणी म्हटलं "कसं जमतं हो तुमाला?" तर ती पदराने कोरडं कपाळ पुसायची. कुणी आमटीचं प्रमाण विचारलं तर एक मोठा सुस्कारा टाकून सांगायची, "प्रमाण हातात असतंय बाई, तोंडानं सांगता येत न्हाई." हे वाक्य ऐकून बाया गप्प होत. काहींना त्यात अध्यात्म दिसायचं.

बाजार मात्र खराखुरा तिचा. बाजाराच्या दिवशी ती दोन पिशव्या घेऊन निघाली की भाजीवाले शिळी वांगी पोत्याखाली ढकलायचे. वांग्याचा देठ बघणार, मेथीची जुडी उलटी करून झटकणार, लसूण चिमटीत दाबणार, आणि "हे तुमच्या घरी खाता का?" असं विचारणार. घरी येऊन ती पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायची. रुद्रप्पा एकेक वांगं बाहेर काढून उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "वा." नवरा-बायकोत याहून प्रेमाचं बोलणं कधी झालं नाही, आणि दोघांनाही त्याची गरज पडली नाही.

त्यांना एकच मुलगा, अमरनाथ. लहानपणी त्याला शिकवून ठेवलं होतं की डबा कुणी केला असं विचारलं तर सांगायचं, आईने दिला. डबा हातात आईच द्यायची, त्यामुळे पोरगं खोटं बोलायचं नाही. पुढे अमरनाथ बीडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागला, इस्त्रीचा शर्ट घालायला लागला, आणि बापाच्या हातातल्या उलथन्याची त्याला लाज वाटायला लागली. गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको योगिता लातूरची, बीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची. दोघं तिथेच भाड्याच्या घरात राहायचे आणि रविवारी जेवायला वडवणीला यायचे. ते पोचायच्या आधी सगळं शिजून, झाकून, ओटा पुसून तयार. अमरनाथने बायकोला काहीच सांगितलं नव्हतं.

योगिताने आठ महिने ती आमटी खाल्ली आणि सासूच्या अक्षरशः प्रेमात पडली. आता माणूस प्रेमात पडला की काहीतरी उपद्व्याप करतोच. एका रविवारी ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "आत्या, तुमच्यासाठी एक सरप्राइज हाय. पाककला स्पर्धा हाय ना, मंगल कार्यालयात? मी तुमचं नाव दिलं. मोबाइलवरूनच फॉर्म भरला."

रुद्रप्पा वाढत होता, त्याच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. अमरनाथला जोराचा ठसका लागला. मल्लम्माने मात्र घास चावून गिळला आणि विचारलं, "घरून करून न्यायचं का?"

"न्हाई. तिथंच करायचं, सगळ्यांसमोर. एक तास."

"कवा?"

"पुढच्या रविवारी."

नाव मागे घेता आलं असतं, पण स्पर्धा ठेवली होती शिवकन्याताईंनी. शिवकन्याताई म्हणजे भगवानरावांच्या सौभाग्यवती, आणि भगवानराव म्हणजे येत्या निवडणुकीत उभं राहायचं की कुणालातरी पाडायचं याचा अजून विचार करत असलेले पुढारी. सोमवारी सकाळीच स्टँडसमोर फ्लेक्स लागला. 'तालुक्याची सुगरण मल्लम्माताई यांचे हार्दिक स्वागत.' फोटो अमरनाथच्या लग्नातला होता. त्यात मल्लम्माचे डोळे मिटलेले होते आणि शेजारी भगवानरावांचे सताड उघडे.

मल्लम्माने तो फ्लेक्स खालपासून वरपर्यंत बघितला, घरी आली, दुपारी एकला दुकानाचं शटर ओढलं आणि आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "शिकवा."

रोज एक ते चार शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी फोडणी. मल्लम्माने तेल तापायच्या आधीच मोहरी टाकली आणि ती तडतडेना म्हणून मोहरीलाच शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तेल इतकं तापलं की मोहरी टाकताच काळी पडली आणि दोघंही मागच्या दाराने खोकत बाहेर आले. तिसऱ्या दिवशी तिने मीठ दोनदा घातलं. एकदा स्वतःला आठवण राहिली म्हणून, एकदा रुद्रप्पाने आठवण केली म्हणून.

चौथ्या दिवशी येसर. येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. रुद्रप्पा वर्षाचं एकदाच भाजून ठेवायचा. ते आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं आणि मग उकळत्या पाण्यात धार धरायची, एवढं त्याने तीनदा सांगितलं. मल्लम्माने डबा उचलला आणि सरळ उकळीवर उपडा केला. पातेल्यात लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या.

"हे काय हाय?" रुद्रप्पा ओरडला. "आमटी हाय का भिताड लिपायचं हाय? चार महिन्याचं येसर! भाजताना माझे हात पोळलेत, मल्लम्मा!"

मल्लम्मा बघतच राहिली. या माणसाने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला होता. तिला राग यायला हवा होता, पण तिला तो तसा ओरडताना बराच बरा दिसला.

रुद्रप्पा लगेच शरमला. खाली बसून गुठळ्या फोडायला लागला. मल्लम्मा त्याच्यासमोर पाटावर बसली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "तुमाला कधी वाटलं न्हाई का, आपलं नाव व्हावं?"

"न्हाई."

"खरं सांगा."

रुद्रप्पाने एक गुठळी बोटाने दाबली. "एकदा वाटलंतं. अमरच्या बारशाला. तुजे वडील आलते. चार वाट्या आमटी प्याले, अन् बोटातली अंगठी काढून तुज्या हातात ठिवली. म्हणले, माज्या लेकीच्या हाताला सोन्यानंच मढवाया पायजे. मी तिथंच वाढीत होतो."

"मंग?"

"मंग काय. आत गेलतो. पाणी प्यालो."

"अन्?"

"अन् भांडी पडलीवती. घासली."

ती अंगठी मल्लम्माच्या बोटात होती. तिने तिच्याकडे पाहिलं. कथा-कीर्तनात बाई इथे अंगठी काढून नवऱ्याच्या पायावर ठेवते. मल्लम्माने ठेवली नाही, सोनं ते सोनं. पण त्या संध्याकाळी दुकानात तिने साखरेच्या जागी रवा बांधून दिला, आणि गिऱ्हाइकाने परत आणल्यावर भांडलीही नाही. शेजारच्या दुकानदाराने विचारलं, बरं न्हाई का?

रविवारी मंगल कार्यालय गच्च भरलं. एकोणीस बाया, एकोणीस शेगड्या, मागे खुर्च्यांवर नवरे. जेवण फुकट मिळणार म्हटल्यावर नवरे अगदी वेळेवर आले होते. शिवकन्याताईंनी स्त्रीशक्तीवर भाषण केलं, ते भगवानरावांनी लिहून दिलं होतं. मग शिट्टी वाजली.

मल्लम्मा स्टेजवर मधोमध उभी. शेगडी तिसऱ्या काडीला पेटली. मागच्या रांगेतून रुद्रप्पा दोन्ही हातांनी खुणा करत होता. तळवा खाली, म्हणजे आच कमी कर. मल्लम्माला वाटलं, थांब म्हणतोय. ती थांबली. तेवढ्यात लसूण काळा झाला. धूर उठला, शेजारी पिझ्झा-धपाटे करणारी स्वप्नाली नावाची पोरगी शिंकायला लागली. रुद्रप्पा आता खुर्चीवरून अर्धा उठला होता आणि हात असे हलवत होता की पोलिसाने ट्रक अडवावा.

मल्लम्माने पातेल्यात पाहिलं. मग त्या हातांकडे पाहिलं. तिने गॅस बंद केला, निवेदकाजवळ गेली आणि त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"मला आमटी येत न्हाई," ती म्हणाली.

सगळे हसले. शिवकन्याताईंनी टाळ्याही वाजवल्या. केवढी नम्रता!

"आवो, हसताय कावून? खरंच येत न्हाई. अठ्ठावीस वर्सं तुमी जी खाल्ली ती ह्यांनी केलेली हाय." तिने पळीने मागच्या रांगेकडे दाखवलं. "आमच्या मालकानं. भाकरी बी तेच करतेत. मला फकस्त वाढायला येतंय, ते बी सांडतंय."

मग मागून कुणीतरी खच्चून ओरडलं, "रुद्रप्पाबाई!" आणि सगळा पुरुषवर्ग हसून लोळला.

रुद्रप्पाने दार कुठे आहे ते पाहिलं. अमरनाथने त्याचा दंड धरला. "आप्पा, चला हितून. चला लवकर." बापलेक दाराकडे निघालेच होते, पण दारात योगिता उभी होती आणि ती बाजूला सरकत नव्हती.

"कुठं निघाला?" मल्लम्मा माइकवरून म्हणाली. "हिकडं या. लसूण करपलाय, आता काय करायचं ते मला म्हाईत न्हाई."

रुद्रप्पा पाय घट्ट रोवून उभा राहिला. सगळं गाव हसत होतं आणि त्याचे कान पेटले होते. पण त्या करपलेल्या लसणाचा वास त्याच्यापर्यंत पोचत होता, आणि तो सहन करणं त्याला लाजेपेक्षा अवघड गेलं. त्याने पोराचा हात सोडवला आणि स्टेजकडे चालू लागला.

शिवकन्याताई पुढे आल्या. "अहो, ही महिलांची स्पर्धा हाय. नियमात बसत न्हाई."

"मंग बक्षीस देऊ नका," मल्लम्मा म्हणाली. "पण एवढी माणसं भुकेली बसलीत, त्यांना नियम वाढणार का?"

यावर मागच्या नवऱ्यांनी मोठ्याने दुजोरा दिला. ताईंनी मतांचा विचार केला आणि खाली बसल्या.

रुद्रप्पाने आधी पातेलं घासलं. मग तेल टाकलं, हात वर धरून आच पाहिली, आणि त्यानंतर त्याला समोर कोण बसलंय याचा विसर पडला. माइक मल्लम्माच्या हातात चालूच होता. रुद्रप्पा सवयीप्रमाणे स्वतःशी बोलत होता आणि ते सगळ्या कार्यालयाला ऐकू जात होतं. "मोहरीला घाई करायची न्हाई. ती आपून बोलती. लसूण ठेचायचा, कापायचा न्हाई. आता येसर... गार पाण्यात, गार पाण्यात. धार बारीक. हलवीत ऱ्हावा, हात थांबू देऊ नका." आधी एका बाईने मोबाइल उचलून चित्रीकरण सुरू केलं, मग दहा जणींनी. उकळी फुटली तसा वास पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि हसणं आपोआप थांबलं. तोंडाला पाणी सुटलेलं असताना हसणं अवघड असतं.

शिवकन्याताई दोन वाट्या आमटी प्याल्या आणि बक्षिसाचा पाच लिटरचा कुकर त्यांनी पिझ्झा-धपाट्यांना दिला.

घरी आल्यावर अमरनाथने बूटही काढले नाहीत. "आई, काय केलंस तू हे? शोरूममधी व्हिडिओ पोचलासुदा. साहेबाचा मेसेज आलाय, हसायचं तोंड टाकून."

"मंग हसू दे की त्याला. महिन्याचा आखरी आठवडा हाय, एरवी टारगेटपायी रडतच असंल."

योगिता कोपऱ्यात उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी मला आठ महिने सांगितलं न्हाई. कावून?"

"आप्पाच्या इज्जतीचा प्रश्न होता."

"मामांच्या का तुमच्या?"

अमरनाथने दार आपटलं. बीडच्या एसटीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसून गेले. पुढचे पाच रविवार अमरनाथ फिरकला नाही. योगिता एकटी यायची. पिशवी ठेवायची, मल्लम्माच्या गादीला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात जायची आणि सासऱ्यासमोर वही उघडून बसायची. ती रक्ताचे थेंब मोजणारी पोरगी, "चिमूटभर" म्हटलं की "किती ग्रॅम?" विचारायची. रुद्रप्पा घाबरून चिमूट वजनकाट्यावर ठेवायचा.

गावातल्या पुरुषांनी मात्र त्याला सोडलं नाही. पानटपरीवर विठ्ठलराव म्हणून एक गडी होता, तो सगळ्यात पुढे. "काय रुद्रप्पाबाई, आज काय भाजी? अन् मल्लम्माची लुगडी वाळली का?" रुद्रप्पा आठ दिवस घराबाहेर पडला नाही. देवळातसुद्धा गेला नाही.

आणि मल्लम्माचं काय? खरं बोलून टाकल्यावर माणूस हलका होतो असं तिने ऐकलं होतं. ती हलकीबिलकी काही झाली नाही. उलट दुकानात बाया यायला लागल्या आणि म्हणायला लागल्या, "जरा मालकाला बोलवा की. इडलीचं पीठ फुगंना." एकीनेही तिला "कसं जमतं हो तुमाला?" विचारलं नाही. दोन-तीन दिवस तिने "ते कामात हायत" म्हणून बायांना वाटेला लावलं. चौथ्या दिवशी एका म्हातारीवर ती उगाच खेकसली, मग स्वतःच दचकली. आपण नवऱ्यावर जळतोय हे तिला कळलं, आणि कळल्यावर तिला इतकं हसू आलं की म्हातारी घाबरून डाळ न घेताच गेली.

तिने गादीशेजारी एक स्टूल आणून ठेवलं. "दुपारचं तासभर हितं बसत जा," ती रुद्रप्पाला म्हणाली. "लोक इचारतेत. मला रोज खोटं बोलायचा कट्टाळा आलाय."

"लोक हसतेत."

"हसतेत तर हसू द्या. हसत हसत किलोभर जास्तीचं नेतेत."

रुद्रप्पा बसला. पहिल्या दिवशी खाली मान घालून, दुसऱ्या दिवशी तिरका. तिसऱ्या दिवशी भर दुपारी विठ्ठलराव आला. रस्त्यावर कुणी नाही हे दोनदा बघून आत शिरला. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि तो चार दिवस फरसाणावर होता. अर्धा किलो तांदूळ मागितला. मग हळूच म्हणाला, "रुद्रप्पा, खिचडीला पाणी किती घालायचं?"

"काय म्हणालात?" मल्लम्माने विचारलं. "ऐकू आलं न्हाई."

"खिचडीला पाणी."

"जरा मोठ्यानं बोला, विठ्ठलराव. पंखा लई आवाज करतोय."

तिसऱ्यांदा तो असा ओरडला की समोरचा सलूनवाला कात्री घेऊन बाहेर आला. रुद्रप्पाने मात्र त्याला नीट समजावून सांगितलं, तांदूळ कितीदा धुवायचे इथपासून. पानटपरीवर पुन्हा कुणी लुगड्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर विठ्ठलरावाची खिचडी निघाली असती.

सहाव्या रविवारी अमरनाथ आला. कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलंही नाही. तो योगिताच्या मागोमाग आत आला आणि स्वयंपाकघरातच, बापासमोर, ताटावर बसला. रुद्रप्पाने आमटी वाढली. दोन थेंब ताटाबाहेर पडले. अमरनाथने घास घेतला. लहानपणापासून त्याला जेवणात काही बोलायचं असलं की तो आईकडे बघून बोलायचा. "आई, मस्त झालंय", "आई, तिखट झालंय". आज त्याने बापाकडे पाहिलं.

"आप्पा," तो म्हणाला, "आज मीठ जरा कमी पडलंय."

मीठ अगदी बरोबर होतं. हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

"पडलं आसंल," रुद्रप्पा म्हणाला आणि त्याने मिठाचा डबा पोराच्या पुढ्यात सरकवला. अमरनाथने चिमूटभर मीठ घेतलं, आमटीत टाकलं आणि ती खारट आमटी शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मल्लम्मा उठून दुकानात निघून गेली. तिला रडताना कुणी बघितलेलं आवडत नसे, आणि रविवारी गिऱ्हाईकही बरं असतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी बाहेरगावाहून एक बाई बाजाराला आली होती. व्हिडिओ तिनेही पाहिला होता. दुकानात येऊन तिने आधी मल्लम्माला निरखलं, मग आतल्या वाटेकडे मान लांबवली.

"ते आमटीवाले मालक तुमचेच काय हो?"

"माझेच."

"नशीबवान हो तुमी! आमचे तर पाणी सुदा हातानं घेत न्हाईत. असा नवरा कसा मिळाला?"

मल्लम्माने पदर सारखा केला. तिचं लग्न तिच्या बापाने ठरवलं होतं, तिला न विचारता, एका दुपारी, कापडाच्या गाठोड्यावर बसून. नवऱ्याचं तोंड तिने अंतरपाट खाली आल्यावर पाहिलं होतं आणि तेव्हा तिला ते फारसं पटलंही नव्हतं.

"मिळतोय कसला," ती म्हणाली. "बारा पोरं बघितली मी. एकेकाला सैपाक करायला लावला. त्यातून हे निवडले."

बाई थक्क होऊन बघत राहिली. मल्लम्माने तिला पावशेर येसर बांधून दिलं.

आत रुद्रप्पाने सगळं ऐकलं होतं. त्याने तव्यावरची भाकरी उलटली.